शाळेच्या दाराशी आलेली प्रश्नावली

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की आपल्या शाळांमध्ये एका वेगळ्या पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. हे पाहुणे म्हणजे संशोधक. कोणाचा एम.एड.चा लघुप्रबंध चाललेला असतो, कोणाची पीएच.डी. अर्ध्यावर आलेली असते, कोणी वैद्यकीय किंवा परिचर्या महाविद्यालयातून आलेले असते. हातात मार्गदर्शकांचे पत्र आणि पिशवीत प्रश्नावल्यांचा गठ्ठा. ‘‘सर, नववीची चाळीस मुले हवी होती. अर्ध्या तासाचेच काम आहे.’’ मुख्याध्यापक पत्रावर सही करतात, चित्रकलेचा किंवा शारीरिक शिक्षणाचा तास मोकळा करून दिला जातो, वर्गशिक्षक कागद वाटतात आणि अर्ध्या तासाने चाळीस भरलेल्या प्रश्नावल्या पिशवीत परत जातात. अलीकडे पिशवीची जागा पुष्कळदा गूगल फॉर्मने घेतली आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दुवा येतो आणि ‘आजच भरावे’ अशी सूचना वर्गशिक्षकांच्या नावाने जाते.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतील मुलामुलींना उच्च शिक्षणाची आणि संशोधनाची वाट जवळ झाली. या भागातील मुलांचा आहार, त्यांचे ताण, मोबाइलचे वेड, मुलींमधील रक्तक्षय, ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची शाळा या विषयांवर इथल्याच संशोधकांनी काम करावे, ही चांगलीच गोष्ट आहे. तेव्हा प्रश्नावली घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुष्कळदा तो स्वतःच एखाद्या शाळेतला शिक्षक असतो. नोकरी सांभाळून, ठरलेल्या मुदतीत प्रबंध पुरा करायची त्याला घाई असते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या शोधनिबंधांच्या गुणांशी जोडल्या. मग निबंध हवेत, निबंधासाठी आकडे हवेत आणि आकड्यांसाठी माणसे हवीत! एका जागी, रांगेत, शिस्तीत बसलेली माणसे शाळेइतकी सहज दुसरीकडे कुठे मिळणार?

माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. या सगळ्या व्यवहारात मुख्याध्यापकांची परवानगी घेतली जाते आणि तिलाच मुलांची संमती समजले जाते.

परवानगी आणि संमती

हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो. पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. शाळेच्या आवारात येऊ देणे, तास उपलब्ध करून देणे ही परवानगी. ती देण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. स्वतःची माहिती, स्वतःचा वेळ, स्वतःच्या बोटातला रक्ताचा थेंब द्यायचा की नाही, हे ठरवणे म्हणजे संमती. ती ज्याची त्यानेच द्यायची असते. मूल अज्ञान असेल तर पालकांनी द्यायची, आणि तरीही मुलाला विचारायचे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट केलेले आहे. आरोग्यविषयक संशोधनात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवी. त्याशिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार हवा. गावप्रमुख किंवा संस्थाप्रमुख यांची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीला पर्याय होऊ शकत नाही, हेही त्यात आहे. आरोग्यसंशोधनाचा आराखडा आधी नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. मात्र शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्राची प्रश्नावली घेऊन शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला अशा समितीची पायरी चढावी लागतेच असे नाही. अशा वेळी त्या प्रश्नावलीची पारख करणारे एकच माणूस उरते, ते म्हणजे शाळेच्या दारातला शिक्षक.

‘एवढ्याशा प्रश्नावलीचे एवढे काय?’ असे कोणी म्हणेल. म्हणून दोन मोठ्या अभ्यासांकडे पाहू. त्यांतला एक आपल्या शेजारच्या राज्यातला आहे, दुसरा आपल्याच राज्यातला.

अधीक्षकांची सही

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो. या विषाणूविरुद्धची लस २००९ साली दोन जिल्ह्यांत एका प्रात्यक्षिक प्रकल्पाखाली दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना देण्यात आली. एक जिल्हा होता तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि दुसरा गुजरातमधील वडोदरा. ‘पाथ’ ही अमेरिकेतील संस्था, आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि दोन्ही राज्य सरकारे यांचा हा प्रकल्प. खम्मममधल्या अनेक मुली आश्रमशाळा आणि वसतिगृहांत राहणाऱ्या, गरीब आणि आदिवासी घरांतल्या होत्या. प्रकल्पाच्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे दिसले नाही. पण चौकशी करताना दुसरेच काही उघडे पडले.

संसदेच्या स्थायी समितीचा या प्रकरणावरील अहवाल २०१३ साली सादर झाला. आंध्रातल्या ज्या ९,५४३ संमतिपत्रांची छाननी झाली, त्यांतल्या २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर अंगठे होते. म्हणजे जवळजवळ दर दहा पत्रांतल्या तीन पत्रांवर आईवडिलांची सही नव्हती, वसतिगृह चालवणाऱ्याची होती.

कोल्हापूरकरांना हे उदाहरण विशेष लागू पडावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. गावाकडचे आईबाप मुलाला अधीक्षकांच्या हाती सोपवून निर्धास्त होत, ही इथली परंपरा आहे. जेवण, अभ्यास, आजारपण या सगळ्यांत अधीक्षक पालकच असतो. पण हा विश्वास सांभाळ करण्यासाठी दिलेला असतो. मुलाच्या अंगावर कोणता अभ्यास व्हावा, हे ठरवण्यासाठी तो दिलेला नसतो. खम्ममच्या अधीक्षकांच्या मनात काही वाईट होते असे समजायचे कारण नाही. ‘वरून आलेले’ काम त्यांनी पुरे केले, इतकेच. आपणही असेच करतो, म्हणूनच ते आठवायला हवे.

याची किंमत काय झाली? लस चांगली आहे; जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते, आणि २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या भारतीय लसीलाही मान्यता मिळाली. परंतु खम्ममचे नाव निघाले की लसीविषयीच शंका घेतली जाते. सह्या गोळा करण्यात जी घाई झाली, तिचा डाग लसीच्या माथी लागला.

बार्शी आणि धाराशिवच्या बायका

दुसरा अभ्यास याच रोगाच्या तपासणीविषयीचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने तो तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. १९९९ ते २००३ या काळात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात घेण्यात आल्या. खेड्यांचे ५२ समूह करून ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागले. तीन गटांना प्रत्येकी एक वेगळी तपासणी मिळाली: विषाणूची चाचणी, पेशींची चाचणी, किंवा व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी. चौथा गट तुलनेसाठी होता. त्याला नेहमीच्याच आरोग्यसेवा होत्या, पद्धतशीर तपासणी नव्हती.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, हे या आकड्यांनी दाखवले. गरीब देशांनी कोणती तपासणी निवडावी, या चर्चेत आजही हा अभ्यास पुढे ठेवला जातो. विज्ञान म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

पण ६४ हा आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही. तुलनेच्या गटावरून भारतात आणि बाहेरही बराच वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी की, त्या भागात तेव्हा संघटित तपासणी नव्हतीच. त्यामुळे कोणाकडून काही काढून घेतले गेले नाही, आणि आपल्या परिस्थितीत कोणती चाचणी उपयोगी पडेल हे तुलनेशिवाय कळले नसते. टीकाकारांची बाजू अशी की, नियमित तपासणीने या रोगाचे मृत्यू घटतात हे इतर देशांच्या अनुभवातून आधीच माहीत होते. मग हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून केवळ पाहत राहणे योग्य कसे?

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. तुलनेशिवाय ज्ञान मिळत नाही, हे कोणताही प्रयोग करणारा मान्य करील. या वादाचा निकाल माझ्या मते एका साध्या प्रश्नावर अवलंबून आहे. ‘तुमच्या गावाच्या वाट्याला तपासणी आलेली नाही, ती हवी असेल तर अमुक ठिकाणी मिळेल,’ हे त्या ३१,४८८ स्त्रियांपैकी प्रत्येकीला, तिला समजेल अशा भाषेत कळले होते का? कळले असेल तर ती सहभागी होती. कळले नसेल तर ती फक्त मोजली गेली. या प्रश्नाचे उत्तर मृत्यूंच्या तक्त्यात सापडत नाही. आणि चिठ्ठी गावाच्या नावाने निघत असली, तरी गावाच्या वतीने सरपंच काही प्रत्येक बाईची संमती देऊ शकत नाही.

भीतीने दिलेले उत्तर

इथपर्यंतचे विवेचन नीतीचे झाले. पण संमती हा केवळ नीतीचा किंवा सौजन्याचा भाग नाही. तो प्रयोगपद्धतीचाच भाग आहे. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राला आपण तापमान विचारतो तेव्हा ते आपल्याला घाबरून जास्त सांगत नाही. वर्गातला मुलगा सांगतो.

‘तू रोज दोनदा दात घासतोस का?’ या प्रश्नाला, कागदावर नाव आणि हजेरी क्रमांक लिहिलेला असताना आणि वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असताना, ‘नाही’ असे किती मुले लिहितील? ‘घरी कोणी दारू पिते का?’, ‘तुला घरी मार बसतो का?’ असे प्रश्नही मी शाळांत वाटलेल्या प्रश्नावल्यांमध्ये पाहिले आहेत. इथे मुलापुढे दोनच वाटा असतात. एक खोटे लिहिण्याची, किंवा खरे लिहून ते शेजारच्याला, शिक्षकांना आणि उद्या गावाला कळेल या भीतीत राहण्याची. पहिल्या वाटेने शास्त्राचे नुकसान होते, दुसऱ्या वाटेने मुलाचे. मुलाने नकार दिला, तर निदान ‘चाळीसपैकी सहांनी उत्तर दिले नाही’ असे प्रबंधात लिहिता येते. नकार मोजता येतो. भीतीने दिलेले खोटे उत्तर मोजता येत नाही.

दुसरी बाब नमुन्याची. हाताशी आहे त्या शाळेतील, त्या दिवशी हजर असलेली मुले म्हणजे जिल्ह्यातील मुले नव्हेत. डिसेंबर-जानेवारीत कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले पटावर असली तरी वर्गात नसू शकतात. ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचे तीच गळतात. नमुना नुसता मोठा असून भागत नाही, याचे अमेरिकेतील १९३६ चे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. निवडून आले रूझवेल्ट, सुमारे ६१ टक्के मते घेऊन! कोणापर्यंत पत्रिका पोचल्या आणि कोणी त्या परत पाठवल्या, याचा विचार झाला नव्हता.

ज्यांनी परत काही दिले

चांगली उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होत आले आहे आणि त्याची सूत्रे मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राहिली आहेत. त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजले गेले. आधी संमतीचा मजकूर वाचून दाखवला जाई, नकार देता येई, आकडा त्या व्यक्तीला तिथेच सांगितला जाई आणि रक्तक्षय तीव्र असल्यास दवाखान्यात जायला सांगितले जाई. त्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हा आकडा सरकारसाठी. पण प्रत्येकीचा आकडा तिच्यासाठी.

याच्याशी शाळेतली तपासणी ताडून पाहा. समजा, आठवीच्या साठ मुलींचे हिमोग्लोबिन मोजले आणि सरासरी १०.९ ग्रॅम आली. प्रबंधात तेवढेच छापले जाईल. पण त्या साठांत एक मुलगी ७ ग्रॅमवर असेल, तर तिचे काय? तिला तातडीने उपचार हवेत. संशोधकाच्या वहीत ती आहे, तरी सरासरीत ती हरवून जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. जन्मलेली बाळे वाढत गेली, तसे त्यांना पुन्हा पुन्हा तपासले गेले, अगदी ती तरुण होईपर्यंत. आपली बाळे वजनाने कमी, पण अंगात चरबी तुलनेने अधिक असलेली असतात, हे त्यातून पुढे आले. इतकी वर्षे कुटुंबे पुन्हा पुन्हा येतात, ती एका सहीवर येत नाहीत. आपल्याला काहीतरी कळते, आपली काळजी घेतली जाते, असा अनुभव त्यामागे असावा लागतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ साली जगापुढे मांडले. पुढे घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास ३९ गावांत झाला. त्यासाठी गावातल्याच बायका शिकून तयार झाल्या. अभ्यास संपल्यावर निबंध परदेशी नियतकालिकात गेला, पण शिकलेले हात गावातच राहिले. लोकांवर संशोधन करणे आणि लोकांबरोबर संशोधन करणे यांतला फरक बंग दांपत्य आग्रहाने सांगत आले आहे, तो असा.

दारातच विचारायचे प्रश्न

तेव्हा पुढच्या वेळी प्रश्नावली घेऊन कोणी आले, की शिक्षकांनी त्यांना बसवावे, चहा द्यावा आणि पाच प्रश्न विचारावेत.

१. हा अभ्यास कशासाठी आहे, हे माझ्या वर्गातल्या मुलाला कळेल अशा चार वाक्यांत सांगाल का?

२. नैतिकता समितीची मान्यता आहे का? नसेल, तर प्रश्न कोणी तपासले?

३. पालकांना चिठ्ठी आधी कधी जाईल? ज्या मुलाला भाग घ्यायचा नाही, त्याने त्या तासाला काय करायचे?

४. कागदावर नाव का हवे? भरलेले कागद कोण पाहणार आणि ते केव्हा नष्ट होणार?

५. निष्कर्ष शाळेला केव्हा आणि कोणत्या भाषेत कळवाल? एखाद्या मुलाला मदतीची गरज आहे असे आढळले, तर काय कराल?

खऱ्या संशोधकाला या प्रश्नांचा राग येणार नाही. उत्तरे नसतील, तर ती घेऊन पुढच्या आठवड्यात या, असे सांगण्याचा शाळेला हक्क आहे. आणि भाग न घेणाऱ्या मुलाचे नाव वर्गात पुकारले जाणार नाही, एवढी काळजी आपण घ्यायची.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मुलांना हेतू सांगा. ज्यांना नको त्यांना वगळा. ‘गेल्या आठवड्यात दुसऱ्याची वही पाहून गृहपाठ उतरवला का?’ हा प्रश्न प्रथम हात वर करून विचारा. नंतर तोच प्रश्न निनावी चिठ्ठीवर, बंद डब्यात टाकून विचारा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा.

तिसऱ्या फेरीला प्रत्येकाने इतरांना न दाखवता नाणे उडवावे. छाप पडला तर काहीही विचार न करता ‘हो’ लिहायचे. काटा पडला तर खरे उत्तर लिहायचे. आता कोणाचीही ‘हो’ची चिठ्ठी हाती आली, तरी त्याने गृहपाठ उतरवला की त्याचे नाणे छाप पडले, हे कोणालाच कळणार नाही. पण गटाचे उत्तर काढता येते. चाळीस मुलांत सुमारे वीस ‘हो’ नाण्यामुळे येतील. एकूण २९ ‘हो’ आले, तर उरलेल्या वीसांपैकी सुमारे नऊ, म्हणजे ४५ टक्के मुलांचे खरे उत्तर ‘हो’ आहे. नाणी नेमकी निम्मी पडत नाहीत, म्हणून दोन-तीन तुकड्यांचे आकडे एकत्र करावेत म्हणजे अंदाज सुधारतो. नाणे, पत्ते यांसारख्या साधनांनी उत्तर देणाऱ्याचे गुपित राखण्याची ही कल्पना वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडली.

या प्रयोगातून मुले संभाव्यता शिकतील. त्याहून महत्त्वाचे असे की, माणसाचे गुपित राखूनही शास्त्राला सत्य मिळवता येते, हे ती स्वतः पाहतील. हीच मुले उद्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन एखाद्या शाळेच्या दारात उभी राहणार आहेत.